बिनदवाईचे वाफे

“साहेब, इथंबी काईच न्हाई. शून्य मांडू का?”

नागनाथने पेन्सिल कागदावर टेकवली होती, पण ती पुढे सरकत नव्हती. डॉ. दत्तराव पंडागळे करडईच्या ओळीत एका गुडघ्यावर बसले होते. झाडाचा शेंडा डाव्या हाताच्या दोन बोटांत धरून त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याशी नेले, देठ सावकाश फिरवला, पानाची खालची बाजू पाहिली. गेल्या गुरुवारी याच वाफ्यात दर शेंड्यावर सरासरी चौऱ्याऐंशी मावा मोजला होता. पिकाचा रस शोषणारा हा किडा काळा, तुळतुळीत, देठाला मोहरी चिकटवावी तसा दाटीने बसलेला. आज देठ हिरवा होता, स्वच्छ होता आणि रिकामा होता.

“थांब जरा,” दत्तराव म्हणाले. “दुसरं झाड बघू.”

दुसरे झाडही तसेच होते. तिसरे आणि चौथेही.

सूर्य अद्याप उगवायचा होता. पालमपासून अडीच कोसांवरच्या या शेतात जानेवारीची थंडी जमिनीलगत बसून होती. करडईची मोजणी पहाटेच करावी लागते; दहिवराने काटे मऊ असतात तोवरच माणसाला झाडांत शिरता येते, आणि एकदा ऊन चढले की तेच झाड कोणाला जवळ येऊ देत नाही. म्हणून दत्तराव दर बुधवारी शेवटच्या एस.टी.ने परभणीहून निघत, पालमला एका शिक्षकाच्या ओसरीवर पाठ टेकत आणि गुरुवारी तारे मावळण्यापूर्वी चालू लागत. साठी पूर्ण व्हायला आणि निवृत्तीला साडेचार महिने उरले होते. बसताना गुडघे विरोध करीत नसत, उठताना करीत. तरीही सलग तिसऱ्या हंगामात त्यांचा एकही गुरुवार चुकला नव्हता.

मावा आपणहून जातो तेव्हा मागे खुणा ठेवून जातो. बुरशीने मेला तर त्याची कवचे देठाला चिकटून राहतात. ढालकिड्यांनी खाल्ला तर ढालकिडे तिथेच तृप्त होऊन बसलेले सापडतात. येथे दोन्ही नव्हते. पानांवर एक पुसट, पांढुरका लेप तेवढा वाळला होता. दत्तरावांनी एक पान चुरगळून नाकाशी नेले आणि ते नागनाथपुढे धरले.

“रिठा हाय, साहेब,” नागनाथ म्हणाला.

“रिठाच आहे.”

शेताच्या मध्यभागी असे पंधरा वाफे आखलेले होते. पाच वाफ्यांत सर्व झाडांवर दोनदा औषध फवारलेले. पाचांत केवळ कडेच्या ओळींवर आणि तेही एकदाच. उरलेल्या पाचांत काहीच नाही. या शेवटच्या पाचांना संशोधनाच्या कागदावर ‘अनुपचारित’ म्हणत आणि गावात ‘बिनदवाईचे वाफे’. सगळ्या तुलनेचा भार या पाचांवर होता. मावा येथे मनसोक्त वाढू द्यायचा; मग तो अन्यत्र रोखल्याने किती पीक वाचले हे सांगता येते. हे पाच वाफे स्वच्छ झाले, म्हणजे उरलेले दहा वाफे काय सांगतात याला साक्षीदार राहिला नाही.

नागनाथ गेली अकरा वर्षे त्यांचा सहायक होता. त्याला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. त्याने कागदाची पाटी काखेत धरली आणि तो उरलेले चार वाफे पाहून आला.

“पाचीच्या पाची धुतलेत, साहेब. साडेबाराशे झाडं. कुन्या येड्यानं येवढं केलं आसंल?”

बांधावरून चतुराबाई येताना दिसली. शेत तिचे होते. तीन एकर कोरडवाहू जमीन, पन्नाशी ओलांडलेले वय, वैधव्य, परळीला कामाला गेलेला मुलगा आणि घरी सून पार्वती, एवढा तिचा संसार. डोक्यावर झाकलेले टोपले होते आणि चालण्यात एक लगबग होती. आपण केलेले कोणी पाहावे म्हणून माणूस येतो तशी.

“झाली का मोजनी, सायेब?” तिने लांबूनच विचारले. “मंग? घावला का येक तरी?”

“चतुराबाई, हे वाफे कोणी धुतले?”

“कोन धुनार? मी आन् पारबतीनं. रैवारी निम्मे, सोमवारी निम्मे. रिठे कुटून भिजू घातले, फडकं घेतलं, आन् येक येक शेंडा पुसला. लेकराचं नाक पुसावं तसा.”

“मावशी!” नागनाथचा आवाज चढला. “ह्या वाफ्यास्नी हात लावायचा न्हाई म्हनून मी सांगितलं नव्हतं का तुला?”

“तू म्हनलास, दवाई मारू नको. मी कुटं मारली दवाई? रिठ्यानं तर मी डोसकं धुते.”

“आगं, साहेबाला हितं मावा पायजे होता!”

चतुराबाई आधी हसली. तिला ती थट्टा वाटली. “मावा पायजे होता? आता परभनीत मावा बी पाळायलेत का काय, म्हशीगत? दूध किती देतो मनावं?”

“होय,” दत्तराव म्हणाले, “पाळतच होतो.”

त्यांचा स्वर रागाचा नव्हता, आणि म्हणूनच तिचे हसू जागच्या जागी थांबले. तिने नागनाथकडे पाहिले, मग वाफ्यांकडे, मग पुन्हा दत्तरावांकडे. टोपले खाली उतरवताना तिचा पदर सरकला आणि दोघांनाही तिचे हात दिसले. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक, लाल, आडव्या-उभ्या रेघा होत्या आणि त्यांत हळद भरलेली होती. तिने शेंडे दिवसाउजेडी, भर उन्हात पुसले होते. काटे मऊ असतात त्या वेळी तिला घरची कामे असतात.

“येळवस व्हती ना मंगळवारी,” ती म्हणाली.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, या भागात घरोघरची माणसे शेतात येतात. ज्वारी-करडई अंगाने भरलेली असते. काळी आई गर्भार आहे असे मानून तिची पूजा होते. कडब्याची खोप उभारतात, तिच्यात दगडांचे पाच पांडव मांडतात, आंबिलीचा हंडा डोक्यावर घेऊन घरधनी येतो आणि ती आंबील साऱ्या पिकावर शिंपडली जाते. त्या दिवशी शेतातील कोणतेही रोप नैवेद्यावाचून राहू नये, असा संकेत आहे. सोयरेधायरे जेवायला येतात आणि जेवण झाल्यावर एकमेकांचे पीक पाहत फिरतात.

“सनाच्या दिशी समदं शेत नटल्यालं, आन् मधी ही पाच लेकरं काळी, चिकट, मळकट. सावत्र असल्यागत. मला बगवंना.” तिने टोपल्यावरचे फडके नीट केले. “आन् दुसरं बी व्हतं.”

“दुसरं काय?”

“जाऊ द्या, सायेब.”

“सांगा.”

चतुराबाईने पदर पुन्हा हातांवर ओढला. “शनवारी आमचे दीर आले व्हते, व्यंकटराव. खोपीची जागा बगाया. ह्ये वाफे बगितले आन् चार मान्सात म्हनले… म्हनले, परभनीच्या सायबाचा हात लागला, मंग दुसरं काय व्हनार. हात कुनाचा हाय ते बी बगावं लागतंय.” ती जमिनीकडे पाहत होती. “मला लय वंगाळ वाटलं. म्हनलं, मंगळवारी सोयरे येतील तवा ह्याच वाफ्यात येक कीड दिसली तर माझं नाव चतुरा न्हाई. आन् न्हाई दिसली! व्यंकटराव दोनदा हिंडून गेले. त्वांडातून सबूद न्हाई.”

नागनाथने मान फिरवली.

दत्तराव या शेतात प्रथम आले त्या हंगामात त्यांच्यासाठी चहा एका वेगळ्या, कान तुटलेल्या कपात येत असे. दुसऱ्या हंगामात केव्हा तरी तो कप दिसेनासा झाला. त्याविषयी ना चतुराबाईने अवाक्षर काढले, ना दत्तरावांनी.

“लय नुसकान झालं का, सायेब?” तिने विचारले.

“पिकाचं नाही झालं,” दत्तराव म्हणाले. “पीक चांगलं आहे तुमचं.” आणि मग, चाळीस वर्षांच्या सवयीने असेल, त्यांनी विचारले, “रिठे किती घेतले होते? आणि पाणी किती?”

“अंदाजानं.”

“अंदाजानं म्हणजे?”

“म्हंजी हातानं.” तिने ओंजळ करून दाखवली.

नागनाथला हसू आवरेना. दत्तरावही किंचित हसले. तिने टोपल्यातून सणाचे उरलेले बाजरीचे उंडे काढले, त्यांच्या हातांवर ठेवले, आणि तिघेही बांधावर बसून खाऊ लागले. ऊन हळूहळू वाफ्यांवर आले. बिनदवाईच्या वाफ्यांतील करडई त्या उन्हात सर्वांत उजळ दिसत होती.

पालमच्या वाटेवर दत्तराव पुढे चालत होते आणि नागनाथ मागे. त्यांच्या मनात काय चालले होते ते नागनाथला ठाऊक होते, कारण त्यामागची हकिकत त्याला माहीत होती. दत्तरावांनी ती त्याला एकदाच, आणि फार थोडक्या शब्दांत सांगितली होती.

ती गोष्ट एकोणीसशे ऐंशीच्या जानेवारीतील. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगावी दलित वस्त्या पेटल्या. दत्तरावांच्या थोरल्या बहिणीचे घर त्यांत गेले होते. दीड वर्षाने आग विझली होती, पण पाणवठ्याचे तंटे विझले नव्हते. अशा एका गावात, एका मोठ्या शेतकऱ्याच्या शेतावर, दत्तराव करडईवरील माव्याच्या पूर्ण फवारणीचे प्रात्यक्षिक घेत होते. फवारा पाठीवर घेणारा मजूर सटवाजी हा त्यांच्याच समाजाचा, बौद्धवाड्यातला तरुण होता. दुपारी त्याचे मडके संपले. शेतातील विहिरीवर चढण्याची त्याला मुभा नव्हती. दत्तरावांनाही नव्हती, परंतु साहेब म्हणून त्यांच्यासाठी मालकाने तांब्याभर पाणी पाठवले होते. सटवाजीने हात मातीत चोळले, धोतराला पुसले आणि भाकरी खाल्ली. तिसऱ्या प्रहरी त्याच्या तोंडाला फेस आला.

तो वाचला. पण हातांचा कंप पुढे आयुष्यभर राहिला. त्याला चहाचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागे, आणि तरीही चहा सांडे. तो भाकरी खात होता तेव्हा दत्तराव वीस पावलांवर मेलेला मावा मोजत होते. शंभरात शहाण्णव, अशी त्या दिवशीची नोंद आहे. आपल्या तांब्यातील निम्मे पाणी त्याच्या हातांवर घालावे, हे त्यांना सुचले नव्हते. मोजणीत मन इतके एकाग्र झाले होते, एवढेच त्याचे स्पष्टीकरण. आणि तेच त्यांना कधी पुरेसे वाटले नाही.

त्यानंतरची चौदा वर्षे त्यांनी एकाच प्रश्नावर घालवली. मावा कसा मारावा, हा तो प्रश्न नव्हता; फवारा किती कमी वेळा उचलला तर चालेल, हा होता. वर्षानुवर्षे शेंडे पाहून त्यांच्या ध्यानात आले की पंख असलेला मावा वाऱ्यावर येतो आणि प्रथम शेताच्या कडेला उतरतो. तो कडेलाच असताना तेवढ्या ओळींवर एकदा फवारले, तर आतल्या पिकातील ढालकिडे जगतात आणि उरलेले काम तेच करतात. जिथे मजुराला दोन पूर्ण दिवस विषाच्या फवाऱ्यात चालावे लागे, तिथे एका सकाळीत काम आटोपते. हे सिद्ध करायला लागोपाठ तीन हंगामांची आकडेवारी हवी असे. एकदा अवर्षणाने पीक गेले, एकदा त्यांची बदली झाली, एकदा जनावरे वाफ्यांत शिरली. शेवटी एक्क्याण्णवपासून क्रम जुळला. दोन हंगाम निर्वेध पार पडले होते. हा तिसरा होता, आणि चौथा त्यांच्या नोकरीत नव्हता.

पालमच्या स्थानकावर एस.टी. उभ्या होत्या, पण सुटत नव्हत्या. उद्या मुंबईहून विद्यापीठाच्या नावाची घोषणा होणार, अशी बोलवा होती. गाड्या बंद ठेवण्याचा निरोप वरून आला होता. माणसे घोळक्याघोळक्याने उभी होती, आणि प्रत्येक घोळका दुसऱ्यापासून जरा अंतर राखून होता.

“सायेब, तुमी शिकल्याले दिसता,” पानाच्या टपरीवर एका म्हाताऱ्याने विचारले. “उंद्या व्हतंय का नाव? काय म्हनता?”

“मी किडींचा माणूस आहे, बाबा,” दत्तराव म्हणाले. “माणसांचं मला सांगता येत नाही.”

“मंग बरं हाय तुमचं,” म्हातारा म्हणाला. “किडी जाळपोळ तर करीत न्हाईत.”

तासाभराने रिकामे बारदान घेऊन गंगाखेडला निघालेला एक ट्रक मिळाला. तिथून परभणीला रेल्वे होती. दोघे मागे बारदानावर बसले. रस्ता खराब होता आणि बोलायला मोठ्याने बोलावे लागे, म्हणून नागनाथ त्यांच्याजवळ सरकला.

“साहेब, येक बोलू का? रागावू नका.”

“बोल.”

“गेल्या गुरवारी चौऱ्याऐंशी हुता. हंगामाचा जोर आत्ताच असतो. न्हाई धुतला असता तर आज किती असता, तुमीच सांगा.”

दत्तरावांना विचार करावा लागला नाही. बापाला मुलाची उंची ठाऊक असावी तसा तो आकडा त्यांना ठाऊक होता. “एकशे दहा ते एकशे पंधरा.”

“मंग मांडू की एकशे बारा! पुढल्या गुरवारी एकशे तीस, मग उतरता. आपन खोटं कुटं बोलायलोय? जे होनारच होतं ते लिहायलोय. कुनाला कळनार? मावशी काय परभनीला सांगाया येनार हाय?”

दत्तराव मागे पळणाऱ्या रस्त्याकडे पाहत राहिले. युक्तिवादात उणीव नव्हती. तो आकडा बहुधा खराही ठरला असता. तो मांडला तर शिफारस होईल, पुस्तिकेत छापली जाईल, आणि पुढल्या रब्बीत कोण्या अनोळखी माणसाच्या पाठीवरचा फवारा एक दिवस आधी खाली उतरेल. त्या माणसाच्या हातांपुढे आपल्या कागदाच्या शुचितेचे मोल किती? हा प्रश्न त्यांना खरोखरच पडला होता, आणि गंगाखेड येईपर्यंत तो सुटला नाही.

स्थानकाच्या बाकावर बसल्यावर त्यांनी नागनाथकडून पाटी मागून घेतली.

“नागनाथ, पुढं कोणी या शिफारशीवर शंका घेतली, आणि कोणी पालमला जाऊन चतुराबाईला विचारलं, तर ती खरंच सांगेल. अभिमानानं सांगेल. मग हा एक आकडा खोटा, म्हणून मागच्या दोन वर्षांचे सगळे आकडे खोटे ठरतील. कडेच्या ओळींचं नाव पुन्हा कोणी काढणार नाही. आपण गेल्यावरही काढणार नाही.”

“आन् कुनीच विचारलं न्हाई तर?”

दत्तरावांनी खिशातून पेन काढले. “तर मला माहीत असेल,” ते म्हणाले. “मी फार थकलोय रे. आता आणखी एक गोष्ट मनात ठेवून फिरायची ताकद नाही.”

त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : ‘अनुपचारित पाचही वाफे ९ व १० जानेवारी रोजी रिठ्याच्या पाण्याने धुतले गेले. देखरेख अपुरी पडली, जबाबदारी माझी. या हंगामाची निरीक्षणे बाद धरावीत.’ वाफे कोणी धुतले, ते त्यांनी लिहिले नाही. खाली स्वाक्षरी केली, तारीख घातली आणि पाटी परत दिली. गाडी दीड तास उशिरा आली.

दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. घोषणा झाली. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले, परंतु जुन्या नावाच्या जागी नव्हे. ‘मराठवाडा’ या शब्दाच्या आधी. दत्तरावांच्या वसाहतीत सायंकाळी दारोदार मेणबत्त्या लागल्या. त्यांच्या पत्नी कुसुमबाई पांढरे लुगडे नेसून विहाराकडे जायला निघाल्या होत्या. दत्तराव खाटेवर पाय सोडून बसले होते. वाफ्यांची हकिकत त्यांनी आदल्या रात्रीच सांगितली होती, आणि कुसुमबाईंनी ती ऐकून फक्त जेवायला वाढले होते.

“उठायलात ना?” त्या म्हणाल्या. “समदे इचारतेल, सायेब कुठं हायत म्हनून.”

“गुडघे धरलेत.”

“गुडघे न्हाई, मन धरलंय.” त्या उंबऱ्यातच टेकल्या. “येक सांगू का? ह्या नावाला सोळा वर्सं लागली. किती घरं गेली, किती मानसं गेली. आन् दिलं ते बी आर्धंच, जुन्याला जोडून. तरी लोक दिवे लावायलेत. तुमची चौदाच झालीत की.”

“मला सोळा मिळणार नाहीत, कुसुम. मे महिन्यात घरी बसायचंय.”

“मंग दुसरं कुनी करंल.”

“कोण?”

कुसुमबाई उंबऱ्यातून उठल्या. त्यांनी दत्तरावांच्या चपला खाटेजवळ आणून ठेवल्या, आणि ते उठेपर्यंत त्या दारात उभ्या राहिल्या.

एप्रिलच्या अखेरीस वार्षिक आढावा बैठक झाली. तिच्या आदल्या दिवशी विभागप्रमुख दिनकररावांनी दत्तरावांना खोलीत बोलावून घेतले. दिनकरराव वयाने धाकटे, स्वभावाने भले होते. पाटीवरचा शेरा त्यांच्यापुढे होता.

“दत्तराव, एक रकानाच तर आहे. शेरा काढून तिथं अपेक्षित आकडे मांडलेत, तर मी डोळे मिटून सही करतो. तुमच्या कामावर माझा विश्वास आहे.”

“तो विश्वास शेऱ्यावरही ठेवा, साहेब,” दत्तराव म्हणाले.

बैठकीत त्यांच्या विषयाला सहा मिनिटे मिळाली. बाहेरून आलेले अध्यक्ष ज्येष्ठ होते, जाणते होते. त्यांनी पहिल्या दोन हंगामांचे तक्ते मन लावून पाहिले, मग चष्मा काढला.

“काम उत्तम आहे. पण तिसरा हंगाम नाही. वाफे धुतले कोणी? असे शेतकरी पुढच्या यादीतून वगळायला हवेत.”

“नोंदीत नाव नाही,” दत्तराव उभे राहून म्हणाले. “देखरेख माझी होती.”

“बरं. पुढल्या रब्बीत हा प्रयोग कोण घेईल?”

दिनकररावांनी टेबलाकडे पाहत सांगितले की मे अखेरीस ही जागा रिकामी होते आहे, आणि ती भरण्याविषयी तूर्त आदेश नाहीत. तरुण संशोधक आपापल्या कागदांत पाहत होते. त्यांचेही प्रयोग होते, त्यांचेही तीन-तीन हंगाम होते.

“तर मग करडईसाठी तूर्त पूर्वीचीच शिफारस कायम,” अध्यक्ष म्हणाले, आणि पुढचा विषय पुकारला गेला.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रब्बीच्या पुस्तिकेचे मुद्रित छापखान्यातून तपासणीसाठी आले. करडईचे पान दत्तरावांच्या टेबलावर आले. तो विषय जाणणारे दुसरे कोणी विभागात नव्हते. बाहेर ऊन रणरणत होते. खोलीतली कपाटे अर्धी रिकामी झाली होती आणि भिंतीलगत दोरीने बांधलेले गठ्ठे होते. नागनाथ समोर बसून गतवर्षीची पुस्तिका धरून होता, आणि दत्तराव नवे पान मोठ्याने वाचत होते. मजकूर ताडून पाहण्याची ही जुनी रीत होती.

“‘माव्याचा प्रादुर्भाव दिसताच संपूर्ण शेतावर पहिली फवारणी करावी.’”

“बरोबर,” नागनाथ म्हणाला.

“‘दुसरी फवारणी संपूर्ण शेतावर पंधरा दिवसांनी करावी.’”

“बरोबर.” त्याने पुस्तिका खाली ठेवली. “साहेब, ज्येंनी हीच ठेवली त्येंनीच तपासावी की. तुमी कशापायी डोळे फोडायलात? चार दिस राहिलेत.”

“वाच पुढचं.”

“तुमी वाचा, मी बगतो.”

दत्तरावांनी चष्मा नीट केला. “‘दहा लिटर पाण्यात कीटकनाशक एकतीस मिलिलिटर…’” ते थांबले. त्यांनी बोट त्या ओळीवर ठेवले.

नागनाथ दचकून जुन्या पुस्तिकेवर वाकला. “तेरा हाय, साहेब. जुन्यात तेरा हाय.”

“तेराच.”

“जुळवनाऱ्यानं उलटं जुळवलं. दुप्पट-अडीचपट झालं की हो ते.”

“फवारणारा हे पान वाचत नाही, नागनाथ,” दत्तराव म्हणाले. “त्याला दुसरा कोणी तरी वाचून सांगतो. आणि जेवढं लिहिलंय तेवढंच सांगतो.”

त्यांनी लाल शाईने तो आकडा खोडला. समासात नवा आकडा काढला, आणि जुळणाऱ्याची पुन्हा चूक होऊ नये म्हणून शेजारी अक्षरांतही लिहिला : तेरा. त्याखाली रेघ ओढली. मग ज्या शिफारशीच्या जागी दुसरी यावी म्हणून त्यांनी चौदा वर्षे वेचली होती, तिचे पान त्यांनी उजेडाच्या बाजूला सरकवले, आणि आणखी कुठे काही राहून तर गेले नाही ना, हे पाहण्यासाठी पहिल्या ओळीपासून पुन्हा मोठ्याने वाचायला घेतले.